कासचे ३६० अंशांतले चित्रीकरण हेडसेटमध्ये पुसट का दिसते?

शाहूपुरीकर, सातारा

नमस्कार. प्रश्न लांबला आहे याची मला कल्पना आहे, परंतु तपशील दिल्यावाचून नेमके उत्तर मिळणार नाही असे वाटल्यामुळे सगळे सविस्तर लिहीत आहे.

माझे वडील आता ७८ वर्षांचे आहेत. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. त्यांची सगळी नोकरी माध्यमिक शाळेत जीवशास्त्र शिकवण्यात गेली आणि दर सप्टेंबरात ते मुलांना घेऊन कासच्या पठारावर जात असत. २०१२ साली युनेस्कोने पश्चिम घाटाला जागतिक वारशाचा दर्जा दिला आणि कासचे नाव सर्वतोमुखी झाले, पण त्याच्या कितीतरी आधीपासून अण्णांच्या वह्यांत तिथल्या फुलांची रेखाटने आहेत. साताऱ्याहून पठार सुमारे २५ किलोमीटरांवर आहे. तरीही गुडघ्यांमुळे गाडीतून उतरून कुंपणाच्या कडेने चालणे त्यांना आता जमत नाही आणि चार वर्षांपासून त्यांचे तिकडे जाणे बंद झाले आहे.

म्हणून या महिन्यात मी ३६० अंशांचे चित्रीकरण करणारा कॅमेरा भाड्याने आणला, पायवाटेवर दीड मीटर उंचीच्या दांडीवर लावला आणि दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे चित्रित केले. कॅमेरा ५.७के प्रकारचा आहे, म्हणजे ५७६० गुणिले २८८० पिक्सेलांचे चित्र तो देतो. घरी मुलाचा क्वेस्ट २ हा डोळ्यांवर चढवायचा, आभासी वास्तवाचा हेडसेट आहे. कॅमेऱ्यासोबतच्या मोबाईल ॲपमधून फाइल तयार केली, ती खासगी ठेवून यूट्यूबवर चढवली आणि घरच्या वायफायवरून हेडसेटमध्ये अण्णांना दाखवली.

अण्णांनी पठार ओळखले, तलावाच्या बाजूने येणारे ढग ओळखले आणि वारा कोणत्या दिशेने आहे तेही सांगितले. मग मान खाली घालून ते बराच वेळ गप्प राहिले. "फुले आहेत एवढे कळते, पण कोणते फूल ते कळत नाही. गेंद आणि सीतेची आसवे यांतला फरक दिसत नसेल तर मी काय पाहतो आहे?" असे म्हणून त्यांनी हेडसेट उतरवून ठेवला. तेव्हापासून मला चैन नाही.

माझी निरीक्षणे अशी आहेत. अण्णांना चित्राचा खालचा अर्धा भाग वरच्यापेक्षा जास्त पुसट दिसतो, मला तसे दिसत नाही. मला मधला भाग बरा दिसतो, पण कडांकडे गेले की अक्षरेसुद्धा विस्कटतात आणि उजळ ढगांभोवती पांढरे फराटे दिसतात. दुकानदाराने ५.७के म्हणजे आपल्या घरातल्या ४के टीव्हीपेक्षाही स्पष्ट असे सांगितले होते, आणि प्रत्यक्षात त्या टीव्हीच्या पासंगालाही हे चित्र पुरत नाही. मुलाची तक्रार वेगळी आहे. तो संगणकावरचे खेळ वायफायमधून हेडसेटवर खेळतो. त्यात गाडीच्या आतले काटे-आकडे स्वच्छ दिसतात, पण रस्त्याकडेची झाडी ओल्या रंगात बोट फिरवल्यासारखी होते. त्याचे मत नवा हेडसेट घ्यावा असे आहे. खर्चाला माझी ना नाही, परंतु दोष हेडसेटचा आहे, फाइलचा आहे की अण्णांच्या नजरेचा, हे आधी समजून घ्यायचे आहे.

भिंगवाला, मिरज

नमस्कार. मी मिरजेत चष्म्याच्या दुकानात नंबर काढण्याचे काम करतो, त्यामुळे माझ्या हातातल्या भागापुरतेच बोलतो. संगणकाचे इतर जाणकार सांगतीलच.

आपण लिहिलेली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट म्हणजे फक्त वडिलांना आणि फक्त खालचा अर्धा भाग पुसट दिसतो ही. त्यांचा चष्मा बायफोकल किंवा प्रोग्रेसिव्ह आहे का, ते आधी पाहा. अशा चष्म्याच्या काचेचा वरचा भाग लांबचे पाहण्यासाठी आणि खालचा वाचण्यासाठी असतो. रोजच्या जगात जवळची वस्तू बहुधा खाली असते, म्हणून ती रचना सोयीची ठरते. हेडसेटमध्ये मात्र पडदा डोळ्यांपासून काही सेंटिमीटरांवर असला, तरी भिंगांमुळे त्याची प्रतिमा एक-दीड मीटर किंवा त्याहूनही लांब उभी राहते, आणि हे अंतर संपूर्ण चित्राला एकच असते. क्षितिजावरचा ढग असो वा पायाशी असलेले फूल, डोळ्याला दोन्हींसाठी सारखेच काम करावे लागते. वडील फुलांकडे पाहायला नजर खाली नेतात तेव्हा ते वाचनाच्या काचेतून पाहत असणार, आणि त्या काचेला एवढ्या अंतरावरचे स्पष्ट दिसत नाही. नेमकी फुलेच त्यांना धूसर दिसतात याचे एक कारण इथे आहे.

यावर उपाय साधा आहे. केवळ लांबच्या नंबरचा जुना चष्मा घरात असेल आणि नंबर फारसा बदललेला नसेल, तर तो लावून पाहावे. नसेल तर फक्त लांबच्या नंबरचा एक लहान फ्रेमचा चष्मा करून घ्यावा, त्याला फार खर्च येत नाही. क्वेस्ट २ च्या खोक्यात चष्मेवाल्यांसाठी एक जादा चौकट दिलेली असते, ती मुखवट्याच्या आत आठवणीने बसवावी, नाहीतर चष्म्याची काच हेडसेटच्या भिंगावर घासते. तिथे एकदा ओरखडा पडला की तो कायमचा.

दुसरी गोष्ट म्हणजे पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधले अंतर. मोठ्या माणसांत ते सरासरी ६३ मिलिमीटरांच्या आसपास असते, पण ५६ आणि ७० असलेली माणसेही माझ्यासमोर रोज बसतात. क्वेस्ट २ मध्ये भिंगे हाताने सरकवून ५८, ६३ आणि ६८ अशा तीनच जागी बसवता येतात. मुलगा वापरतो म्हणजे ती त्याच्या सोयीच्या जागी असणार. वडिलांचे अंतर पट्टीने मोजा. त्यांनी समोरच्या भिंतीवरच्या एका खुणेकडे स्थिर पाहावे, आपण पट्टी त्यांच्या कपाळाशी धरावी आणि एका बाहुलीच्या मध्यापासून दुसरीच्या मध्यापर्यंतचे अंतर घ्यावे. तीनदा मोजून सरासरी काढली तरी पुरे. जास्त नेमके हवे असेल तर जवळच्या कोणत्याही चष्म्याच्या दुकानात दोन मिनिटांचे काम आहे.

तिसरी गोष्ट घालण्याची पद्धत. म्हाताऱ्या माणसांना पट्टा आवळलेला सोसत नाही, ते तो सैल ठेवतात आणि हेडसेट नाकावर घसरतो. क्वेस्ट २ ची फ्रेनेल भिंगे पाहिलीत तर त्यांवर पाण्यातल्या तरंगांसारखी वर्तुळे दिसतील. त्यामुळे भिंग पातळ व हलके होते, परंतु स्पष्ट दिसण्याची जागा मध्यभागी लहानशी उरते आणि उजळ वस्तूंभोवती फराटे उमटतात. आपल्याला ढगांभोवती दिसतात ते हेच असावेत. समोर मजकुराचा पडदा ठेवून हेडसेट दोन्ही हातांनी हळूहळू वर-खाली करावा, अक्षरे सर्वांत रेखीव दिसतील तिथे थांबावे आणि त्याच जागी पट्टा बसवावा. वडिलांना घरातल्या दिव्यांभोवतीही वलये दिसत असतील, तर मात्र मोतीबिंदूची तपासणी करून घ्यावी. तो प्रश्न हेडसेटपेक्षा मोठा आहे.

जाता जाता एक कळकळीची सूचना. हेडसेट खिडकीत किंवा अंगणात भिंगे वर करून कधीही ठेवू नका. ऊन भिंगातून गेले की आतल्या पडद्यावर कायमचा डाग जळतो. साताऱ्याच्या पावसाळी गारठ्यात भिंगांवर वाफ धरते, त्यासाठी पाच-दहा मिनिटे आधी सुरू करून ठेवावा म्हणजे तो जरा कोमट होतो. पुसायला कोरडे मायक्रोफायबर कापडच घ्यावे, स्पिरिट लावू नये.

कृष्णाकाठ, सांगली

वरचे उत्तर आधी अमलात आणावे, कारण त्यात पैसे जवळपास लागत नाहीत. मी सांगलीत लग्नांचे आणि नाटकांचे चित्रीकरण करतो. ३६० अंशांच्या कॅमेऱ्याने मलाही हाच धडा दिला असल्यामुळे फाइलच्या बाजूने लिहितो.

५.७के हा आकडा ऐकायला मोठा वाटतो, पण तो संपूर्ण वर्तुळाचा आहे. ५७६० पिक्सेल ३६० अंशांत वाटले की एका अंशाच्या वाट्याला १६ येतात. हेडसेटमध्ये एका वेळी साधारण ९० अंशांचा भाग समोर असतो असे धरू. म्हणजे रुंदीची चतकोर आणि उंचीची अर्धी भाकरी आपल्या ताटात येते. ती होते १४४० गुणिले १४४०, म्हणजे सुमारे २० लाख ७४ हजार पिक्सेल. फुल एचडी टीव्हीचे १९२० गुणिले १०८० करून पाहा, नेमका हाच आकडा येतो. तेवढेच पिक्सेल टीव्हीवर हातभर रुंदीत असतात आणि इथे ते डोळ्यांसमोरच्या सगळ्या जगावर ताणलेले असतात. ४३ इंची फुल एचडी टीव्ही दोन मीटरांवरून पाहिला तर एका अंशात सुमारे ७२ पिक्सेल पडतात, ४के टीव्हीवर त्याच्या दुप्पट. चांगल्या नजरेच्या डोळ्याला साधारण ६० पर्यंतचा फरक कळतो. दुकानदाराने आपल्याला सांगितलेली तुलना इथेच कोसळते.

आता फुलाकडे येऊ. सीतेच्या आसवांचे फूल जेमतेम एक सेंटिमीटरचे असते. दीड मीटर अंतरावरून ते सुमारे ०.३८ अंशात मावते, म्हणजे आपल्या चित्रात त्याला जास्तीत जास्त सहा पिक्सेल मिळतात. तीन मीटरांवर तीनच. त्यातही रंगाची माहिती सर्वसाधारण चित्रफितीत दर चार पिक्सेलांमागे एकदाच साठवली जाते, कारण डोळा उजेड-अंधारातला फरक जितका बारकाईने टिपतो तितका रंगातला टिपत नाही. म्हणजे हिरव्या गवतातल्या त्या जांभळ्या फुलाला रंगाचे अवघे तीन गुणिले तीन ठिपके. शिवाय असल्या कॅमेऱ्याचे एकेक इवलेसे भिंग १८० अंशांहून अधिक जग गोळा करते, त्यामुळे सहा पिक्सेलांत सहा पिक्सेलांचा तपशील खरोखर असतोच असे नाही. आपल्या वडिलांनी जे सांगितले ते तंतोतंत खरे आहे. फूल आहे एवढे कळावे, पण कोणते ते कळू नये, एवढीच सामग्री त्या फाइलमध्ये आहे.

जी थोडी सामग्री आहे तीही वाटेत गळू देऊ नये. मोबाईल ॲप फाइल तयार करताना अनेकदा बिटरेट, म्हणजे दर सेकंदाला साठवल्या जाणाऱ्या माहितीचे प्रमाण, कमी करते. संगणकावरच्या सॉफ्टवेअरमधून पूर्ण रिझोल्यूशनला, एच.२६५ या चित्र दाबण्याच्या प्रकारात, जितका जास्त बिटरेट मिळेल तितका ठेवून फाइल काढा. यूट्यूब ती पुन्हा दाबते, आणि दर्जा आपोआप ठरवण्यावर सोडला असेल तर घरच्या वायफायच्या वेगाप्रमाणे आणखी खालचा थर दाखवते. घरातल्या घरात पाहायचे असताना एवढा वळसा घ्यायचे कारण नाही. यूएसबी केबल लावून फाइल थेट हेडसेटमध्ये उतरवा आणि तिथल्याच एखाद्या प्लेअरमध्ये ३६० अंशांची म्हणून उघडा. गवत वाऱ्याने हलत असते, त्यातले प्रत्येक पाते दर फ्रेमला जागा बदलते, आणि बिटरेट अपुरा असेल तर त्याचा पहिला बळी असे बारीक हलणारे तपशीलच असतात. त्यामुळे दिवाणखान्याच्या चित्रीकरणात जो फरक जाणवणार नाही, तो कासच्या पठारावर डोळ्यांत भरेल.

चित्रीकरणाविषयी एवढेच सांगतो की कॅमेऱ्याचे एक भिंग फुलांच्या दाट पट्ट्याकडे सरळ रोखलेले असावे. दोन भिंगांचा सांधा त्या दिशेला आला तर जवळच्या वस्तू तिथे दुभंगतात. दांडी खाली आणली तर फुले जवळ येऊन मोठी होतील, पण पाहणाराही गवतात बसल्यासारखा होतो. पायवाट आणि कुंपण सोडून एक पाऊलही आत जायचे नाही हे आपल्याला सांगायला नको.

पण खरा उपाय माझ्या मते वेगळा आहे. मिरजेत एका सतारमेकरांच्या कारखान्यात मी असेच काम केले होते. भोपळे टांगलेली खोली, लाकडाचा भुसा, पॉलिशच्या डब्या, कोपऱ्यात तारा लावत बसलेला कारागीर, असे सगळे ३६० अंशांत सुरेख आले. तबलीच्या, म्हणजे सतारीच्या वरच्या लाकडी पाटाच्या, कडेचे नक्षीकाम मात्र पांढुरक्या पट्ट्याच्या पलीकडे काही दिसेना, आणि त्या माणसाचा जीव तर त्या नक्षीत होता. शेवटी ते नक्षीकाम मी साध्या कॅमेऱ्याने जवळून घेतले आणि हेडसेटमध्ये मोठ्या पडद्यावर दाखवले. हिशेब असा आहे. साध्या मोबाईलने घेतलेली ४के चित्रफीत हेडसेटमधल्या आभासी पडद्यावर ६० अंश रुंद करून लावली तर तिच्यात एका अंशाला ६४ पिक्सेल असतात. क्वेस्ट २ चा पडदा त्यांतले सुमारे २० च दाखवू शकतो, पण ते वीसही खरे वीस असतात. आणि जवळून घेतल्यामुळे एक सेंटिमीटरचे फूल सहा पिक्सेलांऐवजी समोरचा अर्धा पडदा व्यापते. पठारासाठी ३६० अंश ठेवा आणि फुलांसाठी साधा कॅमेरा. आधी अण्णांना पठारावर उभे करा, मग पडद्यावर एकेक फूल त्यांच्यासमोर आणा.

नव्वद हर्ट्झ, विश्रामबाग

काका, मी सांगलीत इंजिनिअरिंग शिकतो आणि आपल्या मुलासारखाच संगणकावरचे खेळ हेडसेटमध्ये खेळतो. झाडीची तक्रार अगदी ओळखीची आहे.

क्वेस्ट २ मध्ये प्रत्येक डोळ्यापुढे १८३२ गुणिले १९२० पिक्सेल आहेत, म्हणजे दोन्हींचे मिळून सुमारे ७० लाख. सेकंदाला ९० चित्रे आणि प्रत्येक पिक्सेलला २४ बिट धरले तर सेकंदाला जवळजवळ १५,००० मेगाबिट होतात. वायफायवरून आपण फार तर २०० मेगाबिट पाठवतो. म्हणजे चित्र सुमारे ७५ पटींनी दाबले जाते. गाडीच्या आतले काटे स्थिर असतात आणि त्यांच्या कडा ठळक असतात, म्हणून ते या दाबण्यातून वाचतात. झाडीत लाखो पाने असतात, गाडी वेगात असते, मान हलत असते, आणि प्रत्येक पिक्सेल दर चित्राला बदलतो, तिथे २०० मेगाबिट पुरत नाहीत. व्हॉल्व्ह इंडेक्ससारख्या हेडसेटमध्ये चित्र न दाबता डिस्प्लेपोर्टच्या तारेने जाते, म्हणून त्याचे पिक्सेल क्वेस्ट २ पेक्षा कमी असूनही झाडी अशी विरघळत नाही.

म्हणून आधी संगणक राउटरला वायफायने नव्हे तर लॅन केबलने जोडावा आणि हेडसेट ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यावर ठेवावा. राउटर खेळायच्या खोलीतच, समोरासमोर असावा. जुन्या वाड्याच्या जाड भिंतीतून ५ गिगाहर्ट्झचा सिग्नल फार लवकर मरतो. खेळाच्या वेळी घरात दुसरे कोणी त्याच राउटरवर चित्रपट पाहत असेल तर बिटरेट कितीही वाढवला तरी चित्र अडखळतेच. चांगली यूएसबी ३ केबल असेल तर वायफायपेक्षा जास्त बिटरेट देता येतो, एवढेच की ती पायात येते.

दुसरी बाजू संगणकाच्या ताकदीची आहे. भिंगे चित्र कडांकडे ताणतात, ते भरून काढण्यासाठी संगणक आधी उलट दिशेने वाकवलेले चित्र तयार करतो, आणि त्या वाकवण्यात मधला भाग ताणला जातो. मध्ये पडद्याच्या तोडीचा तपशील हवा असेल तर पडद्यापेक्षा मोठे चित्र रंगवावे लागते. २०१६ च्या एचटीसी व्हाइव्हचा पडदा प्रत्येक डोळ्याला १०८० गुणिले १२०० होता, पण त्यासाठी १५१२ गुणिले १६८० चे चित्र रंगवले जाई, म्हणजे दोन्ही बाजूंनी १.४ पट आणि एकूण पिक्सेल जवळजवळ दुप्पट. क्वेस्ट २ लाही हेच लागू आहे. मुलाने रेंडर रिझोल्यूशन, म्हणजे रंगवायच्या चित्राचा आकार, हेडसेटच्या आकड्याइतकेच ठेवले असेल, तर मधला भाग मुळातच मऊ दिसणार.

ते वाढवताना चित्रांची गती मात्र पडू देऊ नये. ९० हर्ट्झला, म्हणजे सेकंदाला ९० चित्रे असताना, एका चित्रासाठी ११.१ मिलिसेकंद मिळतात. ते हुकले की यंत्रणा खेळ ४५ वर आणते आणि मधली चित्रे अंदाजाने बनवते, मग रस्त्याकडेच्या खांबांभोवती पाणी हलल्यासारखे दिसू लागते. ग्राफिक्स कार्ड मध्यम असेल तर ७२ हर्ट्झ निवडावे, तिथे १३.९ मिलिसेकंद मिळतात. मला स्वतःला अस्थिर ९० पेक्षा स्थिर ७२ कितीतरी बरे वाटले. खेळाच्या सेटिंगमध्ये कडा मऊ करण्याचे पर्याय असतात. त्यांत टीएए आधीच्या चित्रांची सरमिसळ करते आणि हेडसेटमध्ये सगळेच धुरकट करते, तर एमएसएए कडा रेखीव ठेवते, पण पानांच्या जाळीवर तिचा उपयोग कमी होतो. कोणते घ्यावे हे खेळागणिक पाहावे लागते.

शाहूपुरीकर, सातारा

तिघांचेही मनापासून आभार. अण्णांचा चष्मा बायफोकलच आहे. हे माझ्या इतकी वर्षे डोळ्यांसमोर होते, पण लक्षात आले नाही. बाकीचे करून पाहतो आणि कळवतो. एक राहिले. मुलगा म्हणतो तसा क्वेस्ट ३ घेतला तर कितपत फरक पडेल?

कृष्णाकाठ, सांगली

क्वेस्ट ३ मध्ये प्रत्येक डोळ्याला २०६४ गुणिले २२०८ पिक्सेल आहेत आणि एका अंशाला सुमारे २५ पडतात. आपली ३६० अंशांची फाइल अंशाला १६ पिक्सेलांचीच आहे, म्हणजे ती क्वेस्ट २ च्या विसालाही पुरी पडत नाही. फाइलमध्ये नसलेले फूल नवा हेडसेट कुठून आणणार? तिथे कॅमेरा बदलावा लागेल, आणि ८के कॅमेराही अंशाला २१ च देतो.

तरीही दोन कारणांसाठी मी तो मनातून काढून टाकणार नाही. त्याची पॅनकेक भिंगे कडेपर्यंत जवळजवळ सारखी स्पष्ट असतात आणि ढगांभोवतीचे फराटे खूपच कमी होतात, त्यामुळे हेडसेट नाकावरून थोडा घसरला तरी वयस्कर माणसाचे चित्र बिघडत नाही. शिवाय भिंगांमधले अंतर चाकाने हवे तेवढे जुळवता येते, तीनच जागांची सक्ती नाही. क्वेस्ट ३एस मात्र या कामासाठी घेऊ नका. त्यातला पडदा क्वेस्ट २ च्याच रिझोल्यूशनचा आहे आणि भिंगेही फ्रेनेलच आहेत. प्रोसेसर नवा असल्याचा लाभ मुलाच्या खेळांना होईल, अण्णांच्या फुलांना होणार नाही.

भिंगवाला, मिरज

नवीन घ्यायचे ठरलेच तर आधी वडिलांचा नंबर आणि पीडी काढून घ्या. ज्या हेडसेटमध्ये नंबरची भिंगे आत बसवता येतात, त्यासाठी हे दोन्ही आकडे लागतात, आणि मग चष्मा घालायचीच गरज उरत नाही.

शाहूपुरीकर, सातारा

दोन रविवार गेले, म्हणून सविस्तर कळवतो.

अण्णांच्या बाहुल्यांमधले अंतर ६७ मिलिमीटर भरले आणि भिंगे मुलाच्या ५८ च्या खुणेवर होती. ती ६८ वर सरकवली. निवृत्तीनंतर टीव्हीसाठी केलेला लांबच्या नंबरचा चष्मा कपाटात सापडला, नंबर आजही जवळपास तोच आहे. मूळ चित्रीकरणातून संगणकावर पुन्हा फाइल काढली आणि केबलने हेडसेटमध्ये उतरवली. एवढ्यानेच खालचा भाग वरच्याइतका दिसू लागला, गवताची पाती सुटी झाली आणि पायवाटेवरच्या जांभ्या दगडातली भोके अण्णांनी स्वतःहून सांगितली. फुले मात्र, कृष्णाकाठ यांनी हिशेब मांडला होता तशी, ठिपकेच राहिली.

मग मागच्या रविवारी पहाटे पुन्हा कासला गेलो आणि पायवाटेवरूनच मोबाईलने एकेका फुलाची जवळून दोन-दोन मिनिटांची ४के चित्रीकरणे घेतली. मोबाईल हातात न धरता तिकाटण्यावर ठेवला, कारण हाताची थरथर मोठ्या पडद्यावर फार जाणवते असे पहिल्याच प्रयत्नात लक्षात आले. हेडसेटचे वजन अर्धा किलो आहे आणि अण्णांची मान दुखते, म्हणून त्यांना आरामखुर्चीत मागे टेकवून बसवले. आधी पाच मिनिटे ३६० अंशांतले पठार दाखवले आणि मग फुले.

सीतेची आसवे आली तेव्हा ते काहीच बोलले नाहीत. दवबिंदू या कीटकभक्षी वनस्पतीच्या पानावरच्या केसांच्या टोकांना चिकट थेंब दिसतात, तिथे त्यांनी चित्र थांबवायला सांगितले आणि एका थेंबात अडकलेले चिलट मला दाखवले. चित्रीकरण मीच केले होते, पण ते चिलट मी पाहिले नव्हते. मुलाने एका फुलाचे नाव चुकीचे सांगितले, तर हेडसेट डोळ्यांवर असतानाच त्यांनी ते दुरुस्त केले आणि दोन फुलांतला फरक देठापासून समजावून सांगितला.

मुलाच्या संगणकाला लॅन केबल जोडली आणि ७२ हर्ट्झवर खेळ ठेवला. झाडी अजून पूर्ण सुटी दिसत नाही, पण रंग कालवल्यासारखे होत होते ते थांबले आहे. नवा हेडसेट तूर्त लांबणीवर टाकला आहे.

अण्णांनी तेरड्याचे चित्रीकरण नापास केले. मी ते समोरून घेतले आणि तेरड्याची ओळख फुलामागच्या लांब वाकड्या सोंडेत असते, ती बाजूनेच दिसते, असे त्यांचे म्हणणे आहे. बहर ओसरायच्या आत या रविवारी पुन्हा जायचे आहे. कोणते फूल कोणत्या बाजूने घ्यायचे याची यादी त्यांनी जुन्या वहीतली रेखाटने पाहून करून दिली आहे.